नागसेन वाण

"ही आमच्या घरची अंधश्रद्धा," अशी माझी ओळख माझा नवरा पाहुण्यांना करून देतो. पाहुणे हसतात आणि मी चहाचं आधण ठेवते.

नागसेन पूर्वी सेलूच्या एका खाजगी शाळेत तासिका तत्त्वावर विज्ञान शिकवायचा. शाळा सुटली, पण मास्तरकी सुटली नाही. मीही बी. ए. आहे, पण घरात विद्यार्थी एकच, मी. विहारातून आणलेल्या बुद्धमूर्तीपुढे मी सकाळी एक अगरबत्ती लावते, एवढाच माझा गुन्हा. "बुद्ध गुरू हाये, देव नाई. गुरूले धूर कायले दाखवते?" हे लग्नापासून मी हजार वेळा ऐकलं असेल. त्याचं बरोबर आहे, मलाही कळतं. पण बरोबर असणं वेगळं आणि आपण बरोबर आहोत हे बायकोला रोज ऐकवणं वेगळं, हे त्याला कोणी शिकवलं नाही.

आमचं शेत हिंगणीच्या पुढे, बोर धरणाच्या कालव्याला लागून. तीन एकर, आणि त्यात एक शेततळं. शाळा सोडल्यावर नागसेन ओडिशात जाऊन पाच दिवस मोत्यांची शेती शिकून आला. नदीतले शिंपले आणायचे, त्यांची झाकणं जराशी उघडायची आणि आत एक साचा सरकवून द्यायचा. शिंपल्याला तो साचा टोचत राहतो, म्हणून बिचारा त्याच्यावर चकाकीचे थर चढवत बसतो. वर्ष-दीड वर्षानं शिंपला फोडायचा आणि मोती काढून घ्यायचा. शिंपला मरतो, हे सांगायला नकोच.

पहिल्या वर्षी आम्ही तीन हजार शिंपले सोडले. जाळीच्या पिशव्यांत भरून, बांबूला बांधून, पाण्यात टांगले. बहुतेकांत साधे गोल साचे होते. साठ शिंपल्यांत मात्र बुद्धाचे होते. अंगठ्याच्या नखाएवढा, मांडी घालून बसलेला बुद्ध. दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, तिथे असा मोती कोण घेणार नाही, हा नागसेनचा विचार. साठच, कारण साचे तेवढेच मिळाले होते. ते साठ साचे मी माझ्या हातानं बसवले, कारण नागसेनचा हात जड आहे. त्यानं बसवलेल्या दहातले चार शिंपले तिसऱ्या दिवशी आ वासून पडायचे. शिंपला मेला की झाकणं उघडी पडतात, आणि जिवंत असला तर हात लागताच घट्ट मिटून घेतो. तेवढी एक खूण कळली की त्या धंद्यात मेलं कोण आणि जिवंत कोण हे लेकरूही सांगू शकतं.

चार वर्षांपूर्वी सप्टेंबरात रोग आला. आधी पाच-दहा मेले, मग एकेका पिशवीतले सगळे. नेमका तेव्हाच नागसेन डेंग्यूनं वर्ध्याच्या दवाखान्यात पडला होता. बारा दिवस. शेतात मी आणि माझी सासू शकुबाई. तळ्याचा वास एवढा सुटला की शेजारच्या शेतातला कवडू दोन शेतांमधल्या धुऱ्यावर येऊन म्हणाला, "वैनी, तळ्यात ढोर पडलं का वं?"

तिसऱ्या दिवशी मी बुद्धाचे साठ शिंपले काढले आणि विहिरीजवळच्या टाक्यात, स्वच्छ पाण्यात ठेवले. का ठेवले, ते सरळ सांगते. सडलेल्या मांसात बुद्ध बसलेला मला बघवला नसता. याला कारण म्हणत नाहीत, हे मला माहीत आहे. नवरा घरी असता तर त्यानं मला हसून हसून मारलं असतं, म्हणून तो घरी नसताना, सासूलाही न सांगता केलं.

नवव्या दिवशी त्याचा फोन आला. आवाज खोल गेलेला, पण मास्तर जागा होता. "सगळे काढ. मोठा खड्डा खंद, चुन्यात गाड. एकबी ठेवू नोको."

"काही मिटलेले दिसतात," मी म्हटलं. "तळाशी, गाळात. जित्ते वाटतात."

"जित्ते नाई, रोगी हायेत. तेच रोग पसरवतात. तुले इतकंबी नाई समजत? सगळे गाडजो."

मी दोन बाया लावल्या. आम्ही तिघी कमरेएवढ्या पाण्यात उतरलो आणि टोपल्यांनी शिंपले वर फेकत राहिलो. नाकाला पदर बांधला होता, तरी ओकाऱ्या येत होत्या. शेवटी तळाचा गाळ उपसला, तेव्हा तुटलेल्या पिशव्यांखालून मिटलेले शिंपले हाताला लागले. अकरा. एका घमेल्यात ठेवले म्हणून मोजले गेले. त्यातल्या एकानं मी उचलताना पाण्याची चिळकांडी माझ्या मनगटावर मारली. मी तो बाभळीखालच्या खड्ड्यात टाकला, बाकीचे दहाही टाकले, ते ढिगाच्या फटींत घरंगळले, आणि मी चुन्याचं पोतं उपडं केलं.

पुढे थंडी पडली. मी तळं उपसून चुन्यानं धुतलं, कालव्याचं नवं पाणी घेतलं आणि टाक्यातले साठ शिंपले परत पिशव्यांत टांगले. नागसेन काठी टेकत तळ्यावर आला. पिशवी वर ओढली, आणि मिटलेले, जड, जिवंत शिंपले बघून त्याचे डोळे भरले.

"हे कसे वाचले वं?"

"वाचले," मी म्हटलं.

बस. एवढंच म्हटलं. खोटं काही बोलले नाही. पण पुढची चार वर्षं त्या एका शब्दावर त्यानं जी माडी चढवली, तिची वीट न् वीट माझ्या डोळ्यांसमोर रचली गेली.

गावात बातमी पसरली. तीन हजार मेले आणि फक्त पोटात बुद्ध असलेले साठ वाचले, म्हटल्यावर लोक काय म्हणणार? बाया तळ्यावर फुलं घेऊन आल्या. नागसेनचा संताप झाला. "बावीस प्रतिज्ञा कायले घेतल्या तुमी? बुद्ध काय शिंपले वाचवत बसला होता?" त्यानं फुलं उचलून बांधावर फेकली. बाया घाबरून गेल्या आणि मी फुलं वेचून घरी आणली.

मग नागपूरहून डॉक्टर मयुरी आल्या. मासे आणि शिंपल्यांच्या रोगांवर संशोधन करणारी, तिशीची, सडपातळ, पायात गमबूट घालून तळ्यात उतरणारी बाई. गावात सगळे त्यांना मयुरी मॅडम म्हणायचे. ओसरीत बसून त्यांनी जे सांगितलं ते मी चहा गाळता गाळता ऐकलं.

"गावात साथ येते, घरोघर माणसं पडतात," त्या म्हणाल्या. "पण एखाद्या घरात कोणालाच काही होत नाही. त्यांच्या अंगातच काहीतरी असतं, आणि ते लेकरांत उतरतं. शिंपल्यांचंही तसंच. कोणाच्या अंगात ते आहे हे बाहेरून बघून कळत नाही. साथ हीच परीक्षा. त्याच पाण्यात राहिला, त्याच रोगातून गेला आणि तरी उरला, तोच बीजाला ठेवायचा. त्याची पिल्लं रोगाला टिकतात."

माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली आणि चहा बशीत सांडला. त्याच पाण्यात राहिले आणि उरले, ते साठ नव्हते. ते अकरा होते, आणि बाभळीखाली चुन्यात होते. नवऱ्याचं ऐकायला नको होतं तिथे मी ऐकलं होतं, आणि ऐकलं असतं तर काही बिघडलं नसतं तिथे ऐकलं नव्हतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं, हे मला कोणी शिकवू नये. ओसरीत यायचं, कप ठेवायचे आणि म्हणायचं, मॅडम, ते साठ टाक्यात होते. पण नागसेनचं तोंड मी पाहिलं. लग्नापासून इतका खूश मी त्याला पाहिला नव्हता. "मंजे चमत्कार नाई," तो म्हणत होता, "वंश हाये. मी हेच सांगून राह्यलो लोकायले. वंश!" मला भीती वाटली. मी मूग गिळून बसले.

शकुबाई दारात तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "तुह्या आज्यालेबी लोक वंशच सांगे, बाप्पा. विहिरीवरून हाकलतानी."

"आई, ते खोटं होतं. हे खरं हाये," नागसेन म्हणाला, आणि मयुरी मॅडमनी मान खाली घालून वहीत काहीतरी लिहिलं.

ते साठ मोत्यांसाठी न फोडता बीजाला ठेवले. पण शिंपल्यांची पिल्लं काढायची म्हणजे सोपं नसतं. आई आपल्या कल्ल्यांत ती बाळगते, मग पाण्यात सोडते. डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी बारीक. पाण्यात सुटली की त्यांना लगेच एखाद्या माशाला चिकटावं लागतं, नाहीतर मरतात. म्हणून टाक्यात रोहूची बोटुकली, म्हणजे बोटाएवढाले मासे, सोडायचे. पिल्लं त्यांच्या कल्ल्यांना चिकटून पंधरा-वीस दिवस माशाचं रक्त पितात, मग गळून खाली पडतात. मग त्यांना वाळूत वाढवायचं. बोटाएवढा शिंपला व्हायला दोन वर्षं लागतात. हे सगळं कोणी केलं असेल? पाणी बदलायला मी, वाळू चाळायला मी, आणि बोलायला नागसेन.

तो फार बोलला. हिंगणघाटला बोलला, वर्ध्याला बोलला. तळ्याच्या बांधावर त्यानं स्वतः रंगवून पाटी लावली, 'नागसेन वाण'. मयुरी मॅडम म्हणाल्या, "सर, अजून चाचणी व्हायची आहे. इतक्यात नाव कशाला?" पण उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. सिंदी रेल्वे गावाकडच्या दोघातिघांना त्यानं शब्द देऊन टाकला की तुमच्या तळ्यात पुढच्या साली माझाच वाण सोडू.

वर्ध्याच्या त्या सभेला तो मलाही घेऊन गेला. तीस-चाळीस शेतकरी होते. बोलता बोलता त्यानं मला उभं केलं. "हे माही मिसेस. इले इचारा, शिंपले काऊन वाचले. हे म्हणते बुद्धानं वाचवले. बी. ए. झाली, पण डोक्शातलं शेण गेलं नाई." सगळे हसले. मी असं कधीच म्हटलं नव्हतं. मी 'वाचले' म्हटलं होतं.

त्या दिवसापासून माझी भीती गेली. आधी मी घाबरून गप्प होते, आता मजेत गप्प राहिले. तो वंशावर बोलायला लागला की मी मनात म्हणायची, बोल, बोल. तुझी सगळी अक्कल ज्याच्यावर उभी आहे ते मी एका वाक्यात पाडू शकते. तोंडात खडीसाखर धरावी तशी मी ती गोष्ट धरून बसले. कोणाचं नुकसान होत होतं, मयुरी मॅडमची तीन वर्षं जात होती, हे दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. मला चालत होतं.

यंदा सिंदीकडच्या एका तळ्यात पुन्हा रोग आला. मयुरी मॅडम म्हणाल्या, आता चाचणी घेऊ. शेडमध्ये दोन मोठी प्लास्टिकची टाकी मांडली. एकात आमच्या वाणाची शंभर पिल्लं, दुसऱ्यात वेणा नदीतून आणलेले शंभर साधे शिंपले. दोन्हींत रोगानं मेलेल्या शिंपल्यांचं पाणी टाकायचं आणि चौदा दिवस बघायचं. साधे मरणार, वाण टिकणार.

पाणी टाकायच्या दिवशी सकाळी मॅडम माझ्याजवळ विहिरीवर आल्या. चार वर्षांत मला एकटीला त्यांनी पहिल्यांदाच काही विचारलं. "ताई, एक राहून गेलं. साथ चालू होती तेव्हा सर दवाखान्यात होते ना? तळ्यावर तुम्हीच होता. ते साठ शिंपले पूर्ण वेळ त्याच पाण्यात होते?"

मी बादली खाली ठेवली. तोंड उघडलं. माझी शपथ, मी सांगणार होते.

"इले काय इचारता मॅडम?" मागून नागसेन आला. "त्याच पाण्यात होते, मंग कुठं जातीन? इले तं शिंपल्याचं तोंड कोन्तं अन् बूड कोन्तं तेबी मीच शिकवलं."

मॅडम अजून माझ्याकडेच बघत होत्या. मी बादली उचलली. "हे म्हणतात तसंच," मी म्हटलं आणि घरात गेले. आयुष्यात मी एवढं एकच वाक्य पूर्ण दुष्टपणानं बोलले आहे.

नागसेननं चाचणीचा उत्सव केला. रोज सकाळी लोक शेडमध्ये यायचे आणि तो मोठ्यानं मोजायचा. पाचव्या दिवशी आमच्या टाक्यात तीन उघडले. "तीन तं मरतीनच," तो म्हणाला. सहाव्या दिवशी एकोणीस. सातव्या दिवशी त्यानं मोजणं बंद केलं आणि मॅडम मोजायला लागल्या. एकेक पिल्लू बोटानं टोचायच्या, मिटतं का बघायच्या, आणि नाही मिटलं की बाजूच्या बशीत ठेवायच्या. बशी भरली की दुसरी आणायची ती मी. ती मी वाढवलेली पिल्लं होती. वाळू चाळून चाळून. त्या वेळी मला रडू आलं हे खरं आहे, पण मी बशी आणायची थांबले नाही.

नवव्या दिवशी आमच्या टाक्यात शंभरातलं एकही मिटलेलं नव्हतं. नदीतले साधे शिंपले दहाव्या दिवशी संपले. एक दिवस जास्त जगले.

शेडच्या दारात कवडू उभा होता. "हात दाखवून अवलक्षण," तो म्हणाला, आणि वर म्हणाला, "भाऊ, पर हिसाब साफ हाये. ज्याच्या पोटात बुद्ध होता ते वाचले. लेकरायच्या पोटात नव्हता, ते मेले." लोकांनी माना डोलावल्या. चार वर्षं ज्या गोष्टीशी नागसेन भांडला, तीच त्याच्याच चाचणीनं सिद्ध करून दिली होती.

उत्तर नसलं की माणूस जवळच्याला चावतो. तो मयुरी मॅडमवर गेला. "तुमी पानीच जास्त टाकलं. आमच्या लोकायचं नाव मोठं होऊ द्याचं नाई तुमाले."

मॅडमचा चेहरा उतरला. "सर, छप्पन साली माझे आजोबाही दीक्षाभूमीच्या मैदानावर होते," त्या म्हणाल्या. "पाणी दोन्ही टाक्यांत सारखं होतं. पिल्लांत काही उतरलंच नाही, कारण आयांमध्येच काही नव्हतं. ते साठ रोगातून गेलेच नसतील. कसे ते मला माहीत नाही." सामान भरताना त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "तीन हजारांत दोन-चार तरी खरे उरले असणार. तळाशी वगैरे. दोन-चार पुरे होते हो. नुसते दोन-चार."

त्या गेल्या. लोकही गेले. नागसेन रिकाम्या टाक्यापाशी बसून राहिला. दुपारी मी भाकर घेऊन गेले, तर त्यानं ताटाकडे बघितलंही नाही.

"तुह्या अगरबत्तीनं मेले," तो म्हणाला. "टाक्यातलं पानी घरातून नेत होती तू. धूर बसते पान्यावर. म्या हजार खेप सांगतलं, धूर नोको करू."

माझ्या अंगाची आग झाली. ताट मी जमिनीवर ठेवलं, नीट ठेवलं, आणि त्याच्यासमोर बसले.

"अवो," मी म्हटलं, "ते साठ काऊन वाचले, मी सांगू का तुमाले?"

सगळं सांगितलं. टाकं सांगितलं, स्वच्छ पाणी सांगितलं, बुद्ध सडलेला बघवला नसता हेही सांगितलं. त्याचं तोंड हळूहळू पांढरं पडत गेलं, आणि मी थांबले नाही. उलट सावकाश सांगितलं, म्हणजे एकेक शब्द नीट लागेल. "आन् जे खरंच उरले होते, ते तळाशी होते. अकरा. मॅडम म्हणत होत्या ना, दोन-चार पुरे होते? अकरा होते. म्या फोनवर सांगतलं तुमाले, जित्ते वाटतात म्हून. तुमीच म्हणाले, रोगी हायेत, गाड. विज्ञानाचे मास्तर तुमी. म्या गाडले."

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? मला वाटलं, वर्ध्याच्या सभेतले ते चाळीस जण आता इथे हवे होते.

तो उठला. कोपऱ्यातलं फावडं घेतलं आणि बाभळीकडे चालायला लागला.

उन्हात त्यानं खणायला घेतलं. वर गवत वाढलं होतं, खाली चुन्याचे गड्डे झाले होते, दगडासारखे. फावडं खणकन वाजायचं. शकुबाई धावत आल्या. "काय करून राह्यला रे? चार साल झाले त्याले, नागसेन!" त्यानं ऐकलं नाही. धुऱ्यावरून कवडू ओरडला, "भाऊ, मोती सुटला का खड्ड्यात?" त्याला वाटलं गंमत आहे. मग नागसेननं फावडं टाकलं आणि हातांनी उकरायला लागला. चुन्यानं त्याची बोटं फाटली, तेव्हा कवडूनं तोंड फिरवलं.

शिंपले निघायला लागले. आ वासलेले, तोंडात चुना आणि माती कोंबलेली. शेकडो. तो प्रत्येक उचलायचा, बघायचा, मागे फेकायचा. मधेच एका जागी चुना मातीत घट्ट बसला होता, तिथून एक मिटलेला निघाला. दोन्ही झाकणं घट्ट. मातीनं जसा दाबून धरला होता तसाच राहिलेला. त्यानं तो शर्टाला पुसला आणि घमेल्यात ठेवला.

मेलेला शिंपला उघडा पडतो. मिटलेला होता म्हणजे खड्ड्यात पडला तेव्हा जिवंत होता. हे मला सांगावं लागलं नाही, त्यालाही नाही.

मी बाजूला उभी राहून मोजत होते. नऊ, दहा, अकरा. मी म्हटलं, "झाले." तो उकरतच राहिला. बारावा निघाला. तेरावा. मग एका जागी चार एकदम. त्या दिवशी आम्ही तिघी टोपल्यांनी शिंपले फेकत होतो, नाकाला पदर बांधून, मान फिरवून. टोपलीत काय आहे ते कोण बघत होतं? जे शेवटी हाताला लागले तेवढेच मी बघितले होते. आधीच्या टोपल्या मी बघितल्याच नव्हत्या.

उन्हं कलल्यावर तो घमेलं उचलून विहिरीवर आला. प्रत्येक शिंपला धुतला आणि विहिरीच्या काठावर, दगडावर, दहा-दहाच्या ओळी लावल्या. चार ओळी झाल्या आणि तीन उरले.

त्रेचाळीस.

शकुबाईंनी तोंडावर पदर घेतला. नागसेनची बोटं रक्ताळली होती आणि तो ती पाण्यात बुडवून बसला होता. तो ओरडेल असं मला वाटलं. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं, मला त्याची सवय आहे. पण तो मास्तरासारखा, शांत, समजावून सांगितल्यासारखा बोलला.

"अकरा माह्ये. फोनवर मी म्हटलं होतं, मी मान्य करतो. बाकीचे बत्तीस तुहे. तू पाह्यलेच नाई."

त्यानं बोटं पाण्यातून काढली.

"तुहे अन् माह्ये एका जागी नोको," तो म्हणाला. "तू हातात घेतले होते ना ते अकरा? वयखू येतीन तुले. वेगळे करून दे."

तो टोमणा मारत नव्हता. खरंच वाट बघत होता. त्रेचाळीस शिंपले सगळे सारखे होते, पांढरे, मिटलेले, कडांना चुना धरलेला. मी खाली बसले आणि पहिल्या ओळीतला पहिला शिंपला हातात घेतला.